कितव्या मजल्यावर आहोत आपण?

“आजी, आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?”

पुण्यातल्या एका रुग्णालयात, जुलै महिन्यात, साधारण माझ्याच वयाच्या एका मुलीने माझ्या आजीला हा प्रश्न विचारला. मुलगी चांगली होती. आधी पाणी दिलं, आवाज चढवला नाही, घाई केली नाही. आजीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीकडे. म्हणाली, “घर तुमचं, तुमालाच ठावं.” मुलीने कागदावर शून्य लिहिलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो. पालीच्या आमच्या घराला मजला नाही, माळा आहे. तिथे भाताची कणगी असते, जुनी घोंगडी असतात आणि दरवर्षी मांजर पिल्लं घालतं. राजगडावर तुम्ही पाली दरवाजाने चढला असाल, तर आमच्या गावातून गेला आहात. नसरापूरवरून मार्गासनीकडे वळायचं, गडाच्या पायथ्याशी गाडी लावायची, पाण्याची बाटली भरायची आणि पायऱ्यांना लागायचं. रविवारी सकाळी वाट विचारणाऱ्या लोकांना माझ्या आजीने आजवर किती वेळा उजवी-डावी सांगितली असेल, त्याचा हिशेब नाही.

पुढचे प्रश्न. महिना कोणता? “आवनी चाललीया.” जुलैमध्ये भाताची आवणीच चालते, पण कागदाला ‘जुलै’ हवा होता. मुलगी क्षणभर थांबली आणि तिने शून्य लिहिलं. शंभरातून सात वजा करा. आजी हसली. हे वाक्य वाचा आणि त्यात लिहिलंय तसं करा. आजीने कागद उलटा धरला. एक वाक्य लिहा. या दोन पंचकोनांसारखी आकृती काढा. आजीच्या हातात पेन दिलं, तिने ते खुरप्यासारखं मुठीत धरलं.

तीसपैकी अकरा.

या वेबझिनवर कादंबऱ्यांची परीक्षणं येतात, सिनेमांची येतात. मला त्या एका पानाच्या प्रश्नपत्रिकेचं परीक्षण लिहायचं आहे. जगातल्या कितीतरी भाषांत तिचं भाषांतर झालंय, आणि तिच्या शेवटी येणाऱ्या आकड्यावर माणूस घरात एकटा राहू शकतो की नाही असे निर्णय होतात. एवढा परिणाम करणारा मजकूर परीक्षणावाचून का सुटावा?

तिचं नाव मिनी मेंटल स्टेट एग्झामिनेशन. मार्शल फोल्स्टिन, सुसान फोल्स्टिन आणि पॉल मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाची मानसिक अवस्था डॉक्टरला खाटेशेजारी उभ्या उभ्या, थोडक्यात तपासता यावी हा हेतू. मजल्याचा प्रश्न आला तो असा. जो माणूस चार दिवस एकाच वॉर्डात पडून आहे, त्याला हा प्रश्न विचारणं रास्त आहे. सकाळी सहाच्या एसटीने निघून लिफ्टने वर आलेल्या बाईला तो विचारला, की प्रश्नाचे शब्द तेच राहतात आणि प्रश्न बदलतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. कामाचा मोठा भाग टेस्ट लिहिण्यात जातो. आमच्याकडे एक जुना विनोद आहे: “माझ्या मशीनवर तर चालतंय.” टेस्ट लिहिणारा नकळत स्वतःचं मशीन गृहीत धरतो, आणि दुसऱ्याच्या मशीनवर ती फसली की दोष त्या मशीनला देतो. साहित्यात आपण जसं विचारतो, की या लेखकाच्या डोळ्यांसमोर कोणता वाचक आहे, तसं या कागदाला विचारून पाहा. उत्तर लगेच मिळतं. हा वाचक शाळेत गेलाय, त्याच्या भिंतीवर छापील कॅलेंडर आहे, त्याने कंपासपेटी वापरलीय, आणि अनोळखी माणसाने उगाच विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं हे त्याला ठाऊक आहे. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. “तुमालाच ठावं” हे पालीच्या ओटीवर पाहुण्याला दिलेलं सभ्य उत्तर आहे.

नंतरच्या चाचण्याही याच शाळेतल्या. २००५ साली कॅनडातून आलेली माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट घ्या. त्यात घन काढायचा, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, चित्रातला सिंह, गेंडा आणि उंट ओळखायचा. शिक्षण बारा वर्षांचं किंवा त्याहून कमी असेल, तर एकूण गुणांत एक गुण मिळवायचा. आपल्या भाषेत ग्रेस मार्क. अकरावी शिकलेल्याला एक आणि अजिबात न शिकलेल्यालाही एकच.

भारतात हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी याच चाचणीची हिंदी आवृत्ती बांधली, ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. मी ती भाषांतराचा नमुना म्हणून वाचली आणि मनापासून आवडली. वाचून डोळे मिटण्याऐवजी तिथे परीक्षक म्हणतो, माझ्या चेहऱ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. शब्दाची अक्षरं उलटी सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. मूळ प्रश्नाला काय तपासायचं होतं ते ओळखायचं आणि तेच तपासणारी इथली गोष्ट शोधायची, याहून चांगलं भाषांतर कसं असतं? देशभर वृद्धांची मोठी पाहणी झाली तेव्हा हीच आवृत्ती वापरली गेली. त्या पाहणीवरून २०२३ साली मांडलेला अंदाज असा, की साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोक स्मृतिभ्रंशासोबत जगताहेत.

एवढं सगळं मी त्या जुलैमध्येच वाचून काढलं. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भलामोठा मेसेज लिहिला. चाचणी शाळा मोजते, आठवण मोजत नाही. आजीला वर्षानुवर्षांचं सगळं ठाऊक आहे, फक्त या लोकांना ते विचारता येत नाही. मेसेज चांगला झाला होता. आत्याने रडणारा इमोजी टाकला. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हेच ऐकायचं होतं. आजीला पुण्यात आणायचा विषय मागे पडला. तिला पालीलाच ठेवायचं ठरलं, शेजारच्या चुलतीने जाता-येता बघायचं.

ऑक्टोबरमध्ये तिने चुलीवर आधण ठेवलं, चुलीलगत तुराट्यांची मोळी सोडली आणि ओढ्याकडे निघून गेली. चुलतीला धूर दिसला म्हणून एक मोळी आणि एक गोणपाट एवढ्यावर निभावलं. आजी परत आली तेव्हा तिने विचारलं, “कुनी पेटावली चूल?”

रुग्णालयातला तो कागद मी त्या रात्री परत काढला. त्यावर एक ओळ होती, जिचा माझ्या मेसेजमध्ये उल्लेख नव्हता. आंबा, खुर्ची, पैसा. तीन शब्द सांगितले होते, आजीने ते लगेच म्हणूनही दाखवले होते. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा एकही नाही. या ओळीत शाळा नाही, पंचकोन नाही, मजला नाही. कागदाचं परीक्षण करताना मी नेमकी तीच ओळ गाळली होती.

मग मी दुसऱ्या प्रकारच्या चाचण्या शोधायला लागलो, आणि पॉला फुल्ड या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या पिशवीपाशी पोहोचलो. ही चाचणी १९७०च्या दशकातली. एका पिशवीत रोजच्या वापरातल्या दहा वस्तू असतात: किल्ली, बटण, अंगठी, कात्री अशा. वृद्ध माणसाने न बघता पिशवीत हात घालायचा, एक वस्तू चाचपायची, ती काय आहे ते सांगायचं, मग बाहेर काढून डोळ्यांनी खात्री करायची. अशा दहा. त्यानंतर थोडा वेळ दुसऱ्याच विषयावर बोलायचं आणि मग विचारायचं, पिशवीत काय काय होतं? जे राहिलं असेल ते सांगायचं, आणि पुन्हा विचारायचं. अशा पाच फेऱ्या.

या रचनेतली हुशारी मला इंजिनिअर म्हणून फार भावली. ‘आठवत नाही’ या एका उत्तरामागे निरनिराळे बिघाड असू शकतात. ऐकूच आलं नाही. दिसलं नाही. लक्ष नव्हतं. शब्द परका होता. किंवा खरोखर साठवलंच गेलं नाही. हाताने चाचपून, नाव सांगून, वर डोळ्यांनी खात्री करून वस्तू आत गेली, की बाकीच्या शंका बऱ्याचशा बाद होतात. आणि वस्तू चाचपायला शाळा लागत नाही.

स्पर्श असा तपासणीला घेणं नवीन नाही. ज्या बाईच्या आजाराला पुढे अल्झायमरचं नाव मिळालं, त्या ऑगस्टे डेटरला १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये आलोइस अल्झायमरने तपासलं. त्याच्या हस्तलिखित नोंदींत वस्तू दाखवून आणि नुसत्या हाताने ओळखायला लावल्याच्या दोन्ही नोंदी आहेत. हाताने चाचपून ती चुकली आणि डोळे उघडताच बरोबर बोलली, असाही एक प्रसंग त्यात येतो. ही नोंद मी लक्षात ठेवली, कारण ती माझ्या सोयीची नव्हती.

दिवाळीत मी पालीला गेलो तेव्हा नसरापूरहून एक जाड कापडी पिशवी घेतली. आत वस्तू आमच्या: अडकित्ता, सुपारी, काडेपेटी, काचेची बांगडी, बटण, चमचा, नाणं, कापसाची वात, भाताची लोंबी आणि किल्ली. मी डॉक्टर नाही आणि माझ्या पिशवीला कुठलंही प्रमाण नाही. घरी असलं काही करून निदान करायला जाऊ नका. मी केलं ते का केलं हे उघड आहे: मला जुलैमधला मेसेज खरा ठरवायचा होता.

ओटीवर बसलो. आजीने पिशवीत हात घातला आणि तिचा चेहराच बदलला. रुग्णालयात होता तो अदबीचा, गोंधळलेला चेहरा गेला. “आडकित्ता,” ती लगेच म्हणाली, “सैल झालाय खिळा.” खिळा सैल होता, मला माहीत नव्हतं. सुपारी. बांगडी. काडेपेटी कानाशी नेऊन हलवली, “चार-पाचच हायत्या.” लोंबीवरून तिने अंगठा फिरवला. “ही ह्या सालची न्हाय, लई वाळलीया.” चुलतीकडून मागून आणलेली लोंबी खरोखरच गेल्या वर्षीच्या जुडीतली होती. किल्ली हातात आली तेव्हा ती थांबली. मला वाटलं, चुकली. म्हणाली, “किल्ली हाय. आपल्या घरची न्हाय.” ती माझ्या पुण्याच्या फ्लॅटची होती.

दहापैकी दहा. वर प्रत्येकीचा इतिहास.

मग आम्ही गावातल्या बायकांची नावं आठवत बसलो, तिला ती भराभर आली, त्यांतल्या निम्म्या आता हयात नाहीत. दहा मिनिटं गेली असतील. मी विचारलं, “आजी, पिशवीत काय काय होतं?”

“कुठल्या पिशवीत?”

पिशवी तिच्या मांडीवर होती. तिचा हात पिशवीवर होता.

मी राहिलेल्या वस्तू सांगितल्या, म्हणजे सगळ्याच सांगितल्या. पुन्हा विचारलं तेव्हा तिने ‘सुपारी’ म्हटलं. तिसऱ्या फेरीला तेही नाही. पुढच्या फेऱ्या घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

शाळेचा पक्षपात काढून टाकला, परकी भाषा काढली, परकी जागा काढली. वस्तू तिच्या, ओटी तिची, प्रश्न विचारणारा तिचा नातू. आणि आजार गेला नाही, उलट जास्त स्वच्छ दिसला. रुग्णालयातले अकरा गुण अंधुक फोटोसारखे होते, त्यात काय आहे यावर वाद घालता येत होता. पिशवीने तो वाद संपवला.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे पचायला मला वेळ लागला. तिच्या हाताला सैल खिळा कळत होता आणि तिला पिशवी आठवत नव्हती. ज्यांनी स्पर्श आणि विस्मरण यांचा अभ्यास केला, त्यांना हा जोड फार पूर्वीच भेटला आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याने १९११ साली लिहिलेली गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या एका रुग्ण बाईला काही मिनिटांपूर्वीचंही आठवत नसे. एकदा त्याने बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढे त्याने पुन्हा हात पुढे केला, तेव्हा तिने आपला मागे घेतला. का घेतला ते तिला सांगता येईना. (आज कुठलीही एथिक्स कमिटी याला परवानगी देणार नाही, आणि बरोबरच आहे.) एच. एम. या नावाने ओळखला जाणारा रुग्ण, १९५३च्या शस्त्रक्रियेनंतर ज्याची नवी आठवण बनायची थांबली, त्याच्यावर सुझान कॉर्किन यांनी नुसत्या हाताने चाचपायच्या चक्रव्यूहाचा प्रयोग केला. वाट तो चुकतच राहिला, वेळ मात्र कमी लागत गेला. आणि २००४ साली स्पेनच्या सोलेदाद बायेस्तेरोस आणि होसे मानुएल रेआलेस यांनी दाखवलं, की न बघता एकदा हाताळलेली वस्तू दुसऱ्यांदा ओळखताना अल्झायमरचे रुग्णही निरोगी माणसांसारखेच जलद होतात. पण ‘ही वस्तू तुम्ही मघाशी हाताळली होती का?’ असं विचारलं की अडखळतात.

तुमच्याही ओळखीची गोष्ट आहे ही. ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय, त्याचा पॅटर्न कुणी तोंडी विचारला तर सांगता येतो? हवेत बोट फिरवून बघावं लागतं. सांगता येणारी आठवण वेगळी, करता येणारी वेगळी. आजारात पहिली आधी जाते, दुसरी बराच काळ टिकू शकते.

इथे एक मोह आहे, आणि आमच्या घरात तो आला. त्याच दिवाळीत चुलत बहिणीने अडगळीतलं जातं बाहेर काढलं, आजीचा हात खुंट्यावर ठेवला. दोन फेरे फिरले आणि आजी ओवी म्हणायला लागली. आवाज चिरका, पण शब्दाला शब्द. बहिणीने रील केलं, मागे बासरी टाकली, वर लिहिलं, ‘आजीला सगळं आठवतं’. भरपूर लाइक आले. रीलमध्ये नाही ते असं, की ती एकच ओवी आजीने आठ-नऊ वेळा म्हटली, आणि जातं थांबल्यावर बहिणीला विचारलं, “तू कुनाची गं?”

जातं आणि गळा यांचं नातं खोटं नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या काही आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. मी रात्री हेडफोन लावून त्या ऐकतो. हाताच्या फेऱ्यात गाणं साठवणारी एवढी मोठी व्यवस्था आपल्या आज्या-पणज्यांनी उभी केली आणि गिरणी आल्यावर ती मोडली. आजीची ओवी त्या व्यवस्थेचा टिकलेला तुकडा आहे. पण तो तुकडा दाखवून ‘सगळं आठवतं’ म्हणणं म्हणजे माझ्या जुलैच्या मेसेजचीच आवृत्ती, बासरीसकट.

बहिणीला दोष देत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जुन्या जागी न्या, जुन्या वस्तूला हात लावू द्या, की काहीतरी उजळेल, ही गोष्ट आपण पडद्यावर पाहत आलोय. अविनाश अरुणचा ‘थ्री ऑफ अस’ (२०२३) घ्या. शेफाली शाहची शैलजा, आठवण पुसायला लागलेली, नवऱ्यासोबत कोकणात वेंगुर्ल्याला येते, जिथे तिच्या लहानपणाची काही वर्षं गेली. जयदीप अहलावतचा प्रदीप कामत बँकेत मॅनेजर आहे आणि फावल्या वेळात भरतकाम करतो. एका पुरुषाच्या हातात सुई देऊन हा सिनेमा किती काही न बोलता सांगतो. मला तो आवडतो. पण त्यातलं वेंगुर्लं शैलजासाठी फार मऊ आहे. जुनं घर, जुनी शाळा, जुने मित्र सगळे जणू तिची वाट बघत थांबलेत, आणि आजार अजून अशा टप्प्यावर आहे जिथे तो सुंदर दिसू शकतो. प्रत्येक स्पर्श काहीतरी परत देतो. रिकामा परत आलेला हात मला या सिनेमात जाणवला नाही.

‘अस्तु’ जास्त कठोर आहे आणि म्हणून माझ्या मते मोठा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३चा सिनेमा. संवादांसाठी सुमित्रा भावेंना आणि चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यात संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री होतात. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून काही मिनिटं बाजूला जाते, रस्त्याने हत्ती जातो, आणि शास्त्री त्याच्या मागे निघून जातात. पुढे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते आणि ते तिला आई म्हणतात.

माझा मुद्दा असा, की या सिनेमात स्पर्श आठवण परत आणत नाही. चन्नम्मा शास्त्रींना ओळखत नाही आणि शास्त्री तिला ओळखत नाहीत. इराचं घर त्यांना ओळखत होतं, त्या घरात ते प्रत्येक क्षणी नापास होत होते. नावं, नाती, काल काय झालं, सगळी प्रश्नपत्रिकाच. नदीकाठी कुणी काही विचारत नाही. भूक आहे तर भरवायचं, मळलेत तर धुवायचं. आणि तरी चन्नम्माचा हात हा काही इरावरचा ठपका होत नाही. इराची दमणूक, तिची शरम, तिचं चिडणं सिनेमा पूर्ण बघतो. एक दिवसाची चन्नम्मा होणं आणि वर्षानुवर्षांची इरा होणं यातला फरक त्याला ठाऊक आहे. माझी तक्रार एकच. शास्त्रींचं संस्कृत हा सिनेमाचा इतका लाडका अलंकार आहे, की एका विद्वानाची स्मृती जाणं ही जास्त मोठी पडझड वाटायला लागते. ज्या बाईने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही, तिच्याकडून काय गेलं हे सांगायला श्लोक नसतात. सैल खिळा असतो.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी पुन्हा दिली होती. आजीने वस्तू आदल्या दिवसापेक्षा भराभर ओळखल्या असं मला वाटलं. पिशवी तिला अर्थातच नवी होती. स्पेनच्या त्या निष्कर्षाशी हे जुळतं, पण मी स्टॉपवॉच लावला नव्हता आणि मला तसं वाटायला हवंच होतं, त्यामुळे हा पुरावा मी स्वतःच बाद करतो. किल्लीवर मात्र ती पुन्हा थांबली आणि पुन्हा तेच म्हणाली.

निर्णय त्या किल्लीने केला म्हटलं तरी चालेल. आजी एकटी राहू शकत नाही, हे पिशवीने ठरवलं होतं. पुढचा प्रश्न कुठे हा होता. माझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. गुळगुळीत फरशी, गुळगुळीत भिंती, सारखी दारं, सारखे स्विच. हाताला धरायला एकही ओळखीची गोष्ट नाही. डोळ्यांनी आणि पाट्या वाचून चालणाऱ्या माणसासाठी बांधलेली जागा. तिथे तिच्या हातांतली आठवण सगळीच्या सगळी निकामी झाली असती. आण्णा नुकतेच निवृत्त झाले होते. ते पालीला गेले. चूल बंद केली, तेव्हा आजी आठवडाभर रुसली. चुलत भाऊ घराला फरशी घालून दरवाजा बदलणार होता, त्याला थांबवलं. तो म्हणाला, मातीचं घर ठेवून तुम्ही म्हातारीला काय देणार आहात? त्याचंही खोटं नाही. आण्णांचे गुडघे दुखतात आणि जमीन सारवायला आता बाई मिळत नाही. सरकारदरबारी तालुक्याचं नावही मधल्या काळात वेल्ह्याचं राजगड झालं. पुन्हा कुणी आजीला तालुका विचारला तर ती वेल्हंच म्हणेल, आणि तिचा आणखी एक गुण जाईल.

गेल्या पावसाळ्यात मी गेलो होतो. संध्याकाळपासून वीज नव्हती. रात्री कधीतरी जाग आली तर आजी उठली होती. मी फोनचा टॉर्च शोधायला लागलो, तो उशाखाली, मग गोधडीखाली. तोवर ती भिंतीला हात लावत मधल्या घरातून न्हाणीकडे गेलीसुद्धा. कणगीला वळसा, खांबाला हात, दाराची कडी वर ढकलून थोडी आपल्याकडे ओढली, तशीच ती उघडते. मी टॉर्च लावून मागे धावलो आणि दारात ठेचकाळलो.

अंधारातून तिचा आवाज आला. “उंबरा हाय तितं. पाय उचला, पावनं.”